सहा वर्षांच्या आतले लेकरू कायद्याबाहेर का?

२३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुद्यातील त्या वेळच्या ३६ व्या अनुच्छेदावर चर्चा झाली. चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने दहा वर्षांत करावा, असा हा अनुच्छेद. नझिरुद्दीन अहमद या सदस्यांनी दुरुस्ती आणली की, ‘शिक्षण’ऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ म्हणा. बाबासाहेबांनी ती साफ नाकारली. त्यांचा मुद्दा पक्का वकिली होता आणि तितकाच माणुसकीचा होता. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत राबवायचे नाही असे संविधानाचा दुसरा अनुच्छेद सांगतो. मग ते मूल त्या वयापर्यंत असायला हवे कुठे? शिक्षणसंस्थेत. चौथीपर्यंत शिकवले आणि दिले सोडून, हे त्यांना मान्य नव्हते. हाच मजकूर पुढे अनुच्छेद ४५ झाला.

आता या मजकुराकडे नीट पाहा. वरची मर्यादा आहे, चौदा वर्षांची. खालची मर्यादा कुठे आहे? ती नव्हतीच. ‘सर्व मुले’ एवढेच शब्द होते. तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत होता, त्यावर थेट कोर्टात जाता येत नव्हते, हे खरे. पण १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच अनुच्छेदाच्या आधारे चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती आली. तिचे ढोल खूप वाजले, शिक्षण मूलभूत हक्क झाले म्हणून पेढे वाटले गेले. पण अनुच्छेद २१-क मध्ये शब्द आले ‘सहा ते चौदा वर्षे’. सहाच्या आतल्या लेकरांना उचलून पुन्हा अनुच्छेद ४५ मध्ये टाकले, म्हणजे राज्याने त्यांच्यासाठी ‘प्रयत्न करावा’. एका हाताने हक्क दिला आणि दुसऱ्या हाताने त्याची पहिली सहा वर्षे कापून घेतली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी सरकार पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’ इतकेच आहे. कायद्याच्या भाषेत ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही सांगायला नको.

धडधाकट मुलाचे यात नुकसान होते, पण ते सावरते. जे मूल कमी ऐकते, कमी पाहते, ज्याचे हातपाय ताठ आहेत, जे तीन वर्षांचे होऊनही डोळ्याला डोळा देत नाही, त्याचे सर्वस्व या सहा वर्षांत ठरते. जन्मतः थायरॉइडची ग्रंथी नीट काम करत नसेल तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. भारतात साधारण हजार जन्मांमागे एक असे बाळ असते. टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन तपासणी होते आणि पहिल्या दोन आठवड्यांत स्वस्तातली रोजची गोळी सुरू केली तर ते मूल इतर मुलांसारखे वाढते. गोळी सुरू झाली नाही तर तेच मूल आयुष्यभर ‘मतिमंद’ म्हणून जगते. शेजारच्या गोव्याने २००८ साली सरकारी दवाखान्यांत नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्र स्वतःला पुरोगामी म्हणवतो, पण इथे प्रत्येक बाळाची ही तपासणी झालीच पाहिजे असा कायदा अजून नाही.

कानांचे पाहा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवण्यासाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. लाखो रुपयांची शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होते. पण अशा मुलासाठी तिथे वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही मर्यादा चुकीची नाही, कारण भाषा शिकण्याचे मेंदूचे वय निघून गेले की यंत्र बसवूनही फायदा फार थोडा होतो. प्रश्न वेगळाच आहे. शिक्षणाच्या हक्काचे दार उघडते सहाव्या वर्षी आणि ऐकण्याचे दार बंद होते पाचव्या वर्षी! शाळेत नाव घातल्यावर गुरुजींच्या लक्षात आले की पोरगी बहिरी आहे, तर तोवर एक वर्ष उशीर झालेला असतो. तिला खुणांची भाषा तरी वेळेवर मिळावी, तर तीही या वयात कुणी शिकवत नाही.

आणि डोळ्यांचे तर थेट सर्वोच्च न्यायालयात गेलेले प्रकरण आहे. १९९६ साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात एक मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली. अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा पहिल्या काही आठवड्यांत तपासावा लागतो, नाही तर दृष्टी जाऊ शकते. तो तपासला गेला नाही आणि मुलगी अंध झाली. बापाने लढा सोडला नाही. २०१५ साली व्ही. कृष्णकुमार विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालात न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली. एकोणीस वर्षे लागली. तपासणीला काही मिनिटे लागली असती.

आता कुणी म्हणेल, सरकारने योजना आणल्याच की. आणल्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला झाली. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे, जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतला उशीर शोधायचा, आणि संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी ती रचना आहे. कागदावर तिच्यात खोट काढायला जागा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने अंगणवाडीतील दिव्यांग मुलांसाठी स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर केली. सेविकेने मूल कसे ओळखायचे, इतर मुलांत कसे सामावून घ्यायचे, पुढे कुठे पाठवायचे, सगळे त्यात आहे.

पण नाशिक जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. सुरगाणा, पेठ या तालुक्यांतून आदिवासी मजुरांची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला, खुडणीला येतात. लेकराचे नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरला आणि लेकरू बागेच्या बांधावर झोळीत. पथक गावात येऊन गेले तर त्या मुलापुढे ‘गैरहजर’ लागते. वीटभट्टीवरच्या मुलाचेही तेच. शहरात गंजमाळच्या भीमवाडीत, फुलेनगरात, सातपूरच्या स्वारबाबानगरात आई सकाळी धुण्याभांड्याला आणि बाप कामगार नाक्यावर गेलेला असतो. मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर. ते बोलत नाही हे सगळ्यांना दिसते, पण आजी सांगते, ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता.’ त्यात दोन वर्षे जातात. पुढचे वर्ष अंगारे-धुपारे, गंडेदोऱ्यात जाते. हो, बौद्ध वस्तीतही जाते! भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते आणि लेकराच्या दंडाला काळा दोरा असतो. मग कुणी तरी गंगापूर रोडवरच्या खासगी थेरपी सेंटरचा पत्ता देते. तिथल्या एका सत्राची फी म्हणजे त्या बाईची दोन-दोन दिवसांची मजुरी, आणि सत्रे तर आठवड्याला तीन लागतात. चार वेळा जाऊन ते बंद होते. माझ्याकडे येणाऱ्या आयांची कथा साधारण याच क्रमाने येते. वकिलाकडे त्या येतात तेव्हा मूल सात-आठ वर्षांचे असते आणि हातात शाळेने तोंडी दिलेला नकार असतो. तोंडीच असतो, लेखी कोणी देत नाही.

याच शहरात रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. त्या स्वतः शिक्षिका होत्या. स्वतःचा मुलगा मतिमंद, त्याच्यासाठी शाळा नाही, म्हणून त्यांनी शाळा काढली आणि शेकडो आयांचे ओझे हलके केले. माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे, अंधांसाठी नॅबचे काम आहे. या कामांविषयी पूर्ण आदर ठेवून विचारावेसे वाटते की, मुलाला शाळा हवी असेल तर आईने ती स्वतः बांधायची, ही कुठली राज्यव्यवस्था? शिकलेली, नोकरी असलेली, समाजात चार ओळखी असलेली आई हे करू शकली. भीमवाडीतल्या आईने काय करायचे? दानशूरांच्या दयेवर उभे राहिलेले काम कितीही थोर असो, ते जिथे दाता आहे तिथेच पोहोचते.

इथे शब्दाबद्दलही बोलले पाहिजे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि पाहता पाहता सरकारी पाट्या बदलल्या. मीही या लेखात तो वापरते, कारण अर्जावर तोच लिहावा लागतो. पण आंबेडकरी माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटला पाहिजे. ज्याला विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाही त्याला ‘हरिजन’ म्हणायचे. देवाचे लेबल लावले की माणसाचा हक्क मागे पडतो. सुधारित कायदा २०१६ चा, पण त्याच्या मूळ इंग्रजी नावात दिव्य असे काहीही नाही, ‘हक्क’ हा शब्द मात्र आहे.

लेबलाच्या मागे जे तत्त्वज्ञान आहे ते आणखी घातक आहे. मूल अपंग जन्मले की शेजारीण हळूच म्हणते, ‘मागच्या जन्मीचं काही असेल.’ ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या या सिद्धांताची चिरफाड केली आहे. गरीब व दीन माणसाच्या अवस्थेच्या जबाबदारीतून राज्याला आणि समाजाला सोडवणे, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा हेतू त्यांना दिसत नाही. हा युक्तिवाद अपंग मुलाला लावून पाहा. बाळ जन्मताच रडले नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर नव्हता. बाळाला कावीळ झाली आणि ती वेळेवर उतरवली गेली नाही. आईच्या अंगात रक्त नव्हते. या प्रत्येक कारणामागे कुणाचे तरी पद आहे, पगार आहे, जबाबदारी आहे. ‘मागच्या जन्मीचं’ म्हटले की ही सगळी मंडळी सुटतात आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी आई उरते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने मतिमंद माणसात अलौकिक शक्ती असल्याचे भासवून धंदा करणे हा गुन्हा ठरवला आहे. लेकराला पापाचे फळ म्हणणे मात्र कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही. ते घरातच थांबवावे लागेल.

चळवळीने हा प्रश्न आपला का मानावा, असेही विचारले जाते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के होते, आणि अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांमध्ये २.१८ टक्के. ही तफावत रक्तातून आलेली नाही. कमी वजनाचे बाळ, बाळंतपणाला न पोहोचलेली गाडी, जोखमीची कामे, बंद दवाखाना, हे सगळे जातीने वाट्याला आलेले जगणे त्या आकड्यात आहे. सहा वर्षांपर्यंतची अपंग मुले त्या मोजणीत २० लाख ४२ हजार होती. त्यानंतर जनगणना वेळेवर झालीच नाही. शिवाय तेव्हा अपंगत्वाचे प्रकार आठ धरले होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ आहेत. त्यात सिकलसेलही आहे. विदर्भात आपल्या समाजाची किती घरे या आजाराने पोखरली आहेत, हे तिकडच्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पटन जमाल वली प्रकरणात एका अंध दलित मुलीवरील अत्याचाराचा विचार करताना स्पष्ट केले की, जात, लिंग आणि अपंगत्व हे तीन अन्याय वेगवेगळे मोजता येत नाहीत, ते एकमेकांत मिसळून माणसावर कोसळतात. न्यायालयाला जे दिसले ते आपल्या मेळाव्यांच्या ठरावांत क्वचितच दिसते. नोकरीतल्या आरक्षणावर, शिष्यवृत्तीवर ठराव होतात, ते झालेच पाहिजेत. पण शिष्यवृत्तीपर्यंत जे मूल पोहोचणारच नाही त्याचे काय? आपल्या किती विहारांना चाकाची खुर्ची वर नेता येईल असा उतार आहे, हेही एकदा मोजून पाहायला हरकत नाही.

असो. आता कायद्यात हातात काय आहे ते पाहू, कारण नुसते रडून उपयोग नाही.

२०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम ३१ मोफत शिक्षणाचा हक्क देते, निकटच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. पण पुन्हा तेच, सहा ते अठरा वर्षे, आणि अपंगत्व किमान ४० टक्के. कलम १७ मध्ये दर पाच वर्षांनी पाहणी करून अपंग मुले शोधायची आहेत. कोणत्या मुलांमधून? ‘शाळेत जाणाऱ्या’ मुलांमधून! शाळेने ज्याला दारातून परत पाठवले ते या मोजणीत येईल कसे? कायदा लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पडला नसावा. मात्र याच कायद्याचे कलम २५ बघा. त्यात सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करून धोक्यातली मुले शोधण्याची जबाबदारी सरकार व स्थानिक संस्थांवर टाकली आहे. इथे वयाची खालची अट नाही, शाळेची अट नाही, ४० टक्क्यांची अट नाही. माझ्या मते सहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी आज कायद्यात सर्वांत भक्कम जागा हीच आहे, आणि तिचा वापर फारच कमी होतो.

शाळेच्या वयात आल्यावर मात्र हत्यारे अधिक आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मूल शिक्षण हक्क कायद्याच्या ‘वंचित घटका’त आले, म्हणजे खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांवर त्याचा हक्क आहे आणि महाराष्ट्रात त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलै २०२४ मध्ये रद्द केला. शिक्षकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला आणि त्यानंतर केंद्राने ते जाहीर केले, प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक. पदे मंजूर करून भरण्याचा आदेश मार्च २०२५ मध्ये पुन्हा द्यावा लागला. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांना त्यातून न्याय मिळत असेल तर आनंदच आहे. पण एका केंद्रात अनेक शाळा असतात, आणि अंगणवाड्या तर त्या हिशेबात धरलेल्याच नाहीत. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, शाळा शिक्षणाकडे, तपासणी आरोग्याकडे, दाखला सिव्हिल हॉस्पिटलकडे, आणि डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचे वेगळे खाते. पाच खात्यांच्या पाच दारांवर एकाच मुलाला कडेवर घेऊन आई फिरते.

म्हणून मागणी दोन पातळ्यांवर असली पाहिजे. दिल्लीत मागणी अशी की, अनुच्छेद २१-क मधली सहा वर्षांची खालची मर्यादा काढा आणि २०१६ च्या कायद्यातले कलम ३१ जन्मापासून लागू करा. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे शिक्षण पायाभूत मानले आहे. धोरणावर कोर्टात दाद मागता येत नाही, कायद्यावर येते. आपले खासदार-आमदार, मग ते कोणत्याही गटाचे असोत, त्यांना हे विचारायला काय हरकत आहे?

दुसरी पातळी आपल्या वस्तीची. वस्तीतल्या अंगणवाडीत शेवटचे आरोग्य पथक कधी आले, किती मुले तपासली, किती पुढे पाठवली आणि त्यांतली किती केंद्रात प्रत्यक्ष पोहोचली, हे चार प्रश्न बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला लेखी विचारा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारा. हे विचारताना सेविकेशी भांडू नका. तुटपुंज्या मानधनावर ती पोषणापासून निवडणूक यादीपर्यंत सगळे ओढते आहे, अनेक ठिकाणी ती आपल्याच समाजाची आहे. तिला सोबत घ्या. महानगरपालिका आणि ग्रामपंचायत यांनी स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. हा पैसा वर्षाअखेरीस किरकोळ वाटपात संपवण्याऐवजी वस्तीजवळ आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट आणि वाचा-उपचार तज्ज्ञ बसवायला वापरा, असा ठराव मांडता येतो. समाजात आता डॉक्टर, परिचारिका, थेरपिस्ट झालेल्या लेकी-सुना आहेत. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात उपासक-उपासिका रोज जमतात. त्यातला एक रविवार शून्य ते सहा वर्षांच्या मुलांची प्राथमिक तपासणी ठेवली तर खर्च भीमजयंतीच्या डीजेच्या एका तासाइतकाही येणार नाही.

ग्रामसभा २६ जानेवारीला, १ मे, १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला होतात. ५ टक्के निधीचा अर्ज त्याआधी द्या. अर्जात कलम २५ चा उल्लेख करा, मुलांची संख्या लिहा, नावे जाहीर करू नका. शाळेने प्रवेश नाकारला तर तोंडी नकारावर घरी परतू नका, तिथेच कागद मागा. देत नसतील तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला द्या. शहरात ती महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाला द्या. प्रत्येक अर्जाची तारीख-शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. पुढे पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायची वेळ आली तर सर्वांत आधी तीच मागतात.